गाणं सुरू झालं की जरा थांबा!

प्रति,
क्रीडा वाहिनीचा कार्यक्रम विभाग आणि फिगर स्केटिंगचे सर्व समालोचक यांस,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या हंगामाची तुमची जाहिरात पाहिली. दोन विनोदी कलाकार माइक हातात घेऊन बर्फावर धप्पकन आपटतात, ‘इस बार बर्फ पर डबल मस्ती’ असं ओरडतात आणि खाली पट्टी सरकते की फिगर स्केटिंगची कॉमेंट्री आता आणखी धमाल होणार. मागच्या हंगामात आम्ही जे ऐकलं ते तुम्हाला कमी धमाल वाटलं असेल, तर आपलं एकदा बोलणं व्हायलाच हवं. वाहिनीला ईमेल करून पाहिला. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं छापील उत्तर आलं आणि पाठोपाठ ही जाहिरात. म्हणून आता चारचौघांत लिहिते.

मी सोलापुरात मुलांना आर्टिस्टिक रोलर स्केटिंग शिकवते, म्हणजे चाकांवरचं. आमच्या गावात बर्फ दिसतो तो रसवंतीत, गोळेवाल्याच्या गाड्यावर आणि मासळीच्या पाटीत. मे महिन्यात पारा 44 च्या आसपास जातो, सकाळी आठनंतर सिमेंटच्या कोर्टावर उभं राहवत नाही. अशा गावातून फिगर स्केटिंगच्या कॉमेंट्रीवर पत्र आलं म्हणून तुम्हाला हसू येईल. येऊ द्या, आमच्या घरातही हसतात. पण बर्फावरच्या आणि चाकांवरच्या उड्या एकाच घराण्यातल्या. ॲक्सल, सॅल्कोव्ह, लुट्झ, फ्लिप ही नावं दोन्हीकडे तीच. टो लूपला आम्ही मेप्स म्हणतो, असे किरकोळ फरक. गिरक्या त्याच, आणि गुण द्यायची पद्धतही आता बरीचशी तीच.

माझ्याकडे येणारी मुलं यंत्रमागावर काम करणाऱ्यांची, विडी कामगारांची, शिक्षकांची, नवी पेठेतल्या दुकानदारांची. कोणाच्या घरी तेलुगू, कोणाच्या घरी कन्नड, कोर्टावर सगळ्यांची मराठी. कुंभारीहून येणाऱ्या मुली पहाटेची पहिली बस धरतात. नळाला पाणी यायचा दिवस असला की निम्मी मुलं उशिरा येतात, हंडे भरून. या मुलांनी उत्तम स्केटिंग पाहायचं कुठं? टीव्हीवर. मोठी स्पर्धा असली की आमच्या हॉलमध्ये सतरंजी अंथरली जाते, ज्याच्या त्याच्या डब्यातून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी निघते, आणि रात्री कितीही वाजले तरी पोरं डोळे ताणून बसतात. त्या रात्रीपुरता त्यांचा कोच तुम्ही असता. हे कोणी तुम्हाला सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते.

आधी आवाजाचं बोलू. लहान कार्यक्रम 2 मिनिटं 40 सेकंदांचा, मोठा 4 मिनिटांचा, दहा-दहा सेकंद इकडे-तिकडे. एवढ्या वेळात स्केटर जे काही करतो ते संगीताला धरून करतो. 2014-15 च्या हंगामापासून एकेरी आणि जोडीच्या स्केटिंगलाही शब्द असलेली गाणी चालतात. म्हणजे आता सुरांबरोबर बोलही कानावर यायला हवेत. 2022 पासून परीक्षक उड्या-गिरक्यांशिवाय तीन गोष्टींचे वेगळे गुण देतात: रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचं कौशल्य. संगीत ऐकल्याशिवाय यातल्या पहिल्या दोन गोष्टी प्रेक्षकाला कशा कळणार? आणि तुम्ही तर सलामीच्या पोझपासून शेवटच्या पोझपर्यंत एक क्षण तोंड मिटत नाही. मागच्या हंगामात एक जपानी मुलगी अतिशय संथ पियानोवर स्केटिंग करत होती आणि तुमच्यातले दोघं आपापल्या आवडीच्या सुशीबद्दल बोलत होते. ती मधेच थांबली, हात वर नेला, एक सूर लांबला. माझ्या मुलांना तो सूर ऐकूच आला नाही. त्यांना वासाबी तिखट असतं हे कळलं.

तुम्ही म्हणाल, मग आवाज बंद करा. करून पाहिलं. आवाज बंद केला की संगीतही जातं, अडचण तीच आहे. संगीत गेलं की ती तिथं का थांबली, गुडघा का वाकवला, काहीच उमगत नाही.

2010 च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट या अमेरिकन जोडीने हिंदी चित्रपटगीतांवर आइस डान्स केला होता. त्याची चित्रफीत मी दरवर्षी नव्या मुलांना दाखवते. ठेका ओळखीचा असल्यामुळे त्यांना लगेच दिसतं की पाय तबल्यावर पडतोय आणि मान सुरावर वळतेय. एरवी ज्या मुलाला शास्त्रीय संगीताचा तुकडा कंटाळवाणा वाटतो, तोही त्या अडीच मिनिटांत हलत नाही. तुमच्यापैकी कोणी त्यावर बोलत राहिलं असतं तर आमच्याकडे दाखवायला काय उरलं असतं?

दुसरी तक्रार उड्यांची, आणि ही जरा सविस्तर सांगते.

आमच्या जिल्ह्यात जत्रेला कुस्त्यांचं मैदान भरतं. तिथला निवेदक ऐका एकदा. हजारो माणसं, हलगी कडाडतेय, आणि तो माइकवरून सांगतोय: पठ्ठ्यानं एकेरी पट काढला, समोरच्यानं सोडवला, आता घिस्सा भरतोय, आता ढाकेला आलाय. कोणाचा पोरगा, कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, सगळं सांगतो. डावाचं नाव मात्र कधी चुकत नाही. आणि कुस्ती चितपट व्हायच्या घटकेला तो गप्प होतो, कारण तेव्हा मैदानच बोलतं. लाल मातीत जन्मात पाऊल न टाकलेली माझी आई त्याच्या तोंडून ऐकून ऐकून ढाक आणि कलाजंग ओळखायला शिकली.

आता तुमचं ऐका. ‘और ये लगाई छलांग! एक और छलांग! क्या बात है, हवा में परी!’ उड्यांचे मुख्य प्रकार सहा आहेत. तुमच्याकडे नाव एकच, छलांग. उतरताना सहाही उड्या मागच्या दिशेने, बाहेरच्या एजवर, म्हणजे पात्याच्या बाहेरच्या कडेवर उतरतात. फरक असतो तो सुटताना. समोर तोंड करून जी सुरू होते ती ॲक्सल, नॉर्वेच्या ॲक्सल पॉलसनने 1882 मध्ये मारलेली. पुढून सुटून मागे उतरायचं म्हणून तिच्यात अर्धा फेरा जास्त. ट्रिपल ॲक्सल म्हणजे साडेतीन फेरे. एवढी दोन वाक्यं तुम्ही प्रक्षेपणाच्या सुरुवातीला सांगितलीत, तर त्या रात्री अख्खं घर ॲक्सल ओळखेल. बेजिंगला फेब्रुवारी 2022 मध्ये युझुरु हान्यू, ज्याच्याकडे आधीच दोन ऑलिंपिक सुवर्णं होती, साडेचार फेऱ्यांच्या क्वाड ॲक्सलसाठी का झेपावला आणि पडूनही लोक का गहिवरले, हे समजायला ती दोन वाक्यं लागतात. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लेक प्लॅसिडला 17 वर्षांच्या इलिया मालिनिनने ती उडी स्पर्धेत पहिल्यांदा पूर्ण केली. तुमच्या कॉमेंट्रीत तीही छलांग आणि शाळेतल्या पोरीची डबल टो लूपही छलांग.

लुट्झ आणि फ्लिपमधला फरक त्याहून बारीक, पण शिकवता येतो. आमच्या कोर्टावर रात्रीतून धूळ बसते. झाडू मारण्याआधी मी मुलांना एकेक करून लुट्झची धाव घ्यायला लावते. चाकांची रेघ धुळीत उमटते. मागे जाणाऱ्या डाव्या पायाची बाहेरची एज लागलेली असली की रेघ एका बाजूला लांबवर वळत जाते, आणि उजव्या पायाचा टो स्टॉप, म्हणजे बोटांपुढचा रबरी ठोकळा, मागे टेकेपर्यंत ती तशीच वळत राहायला हवी. शेवटच्या वीतभर जागेत रेघ सरळ झाली किंवा उलटीकडे मुरडली, की घोटा आत पडला, आतली एज लागली. उडी लुट्झ म्हणून निघाली आणि फ्लिप म्हणून सुटली. मुलं त्या वीतभर रेघेभोवती उकिडवी बसून भांडतात. ‘बाई, सरळ आहे की ओ!’ ‘कुठं सरळ? हे बघ इथं आत आलीय.’ कोणी बोट लावून रेघ पुसली तर मारामारीच.

जगातले भलेभले स्केटरही बर्फावर हेच करतात. तांत्रिक पॅनेल रिप्ले पाहून चुकीच्या एजचा शेरा देतं आणि ट्रिपल लुट्झची 5.90 गुणांची मूळ किंमत 80 टक्क्यांवर, म्हणजे 4.72 वर येते. वर परीक्षकही दर्जाचे गुण कापतात ते वेगळंच. रिप्लेत पडद्यावर नुसता पाय असतो, पातं असतं, बर्फावर उठलेली रेघ असते. आमची मुलं पुढे सरकून टीव्हीला नाक लावतात. आणि नेमक्या त्या क्षणी तुम्ही सांगत असता की पोशाखावर किती खडे शिवलेत.

यावरूनच तिसरी गोष्ट. गुण. मागच्या हंगामात आमच्या हॉलमध्ये यावरून चांगलंच वाजलं. एक स्केटर सपशेल आपटला, तरी न पडलेल्याच्या वर गेला. एका मुलाचे मामा आले होते, ते म्हणाले, सगळं फिक्सिंग असतंय. आणि तुमच्या समालोचकांनी मामांचीच री ओढली, ‘जजों ने तो कमाल कर दिया!’ असं हसत म्हणून मोकळे झाले.

मामांना मी जे समजावलं ते तुम्हालाही सांगते. क्वाड लुट्झची मूळ किंमत 11.50. परीक्षक दर्जासाठी उणे 5 ते अधिक 5 देतात आणि प्रत्येक पायरी मूळ किमतीच्या दहा टक्के. पडलं की साधारण उणे 5, म्हणजे अर्धी किंमत गेली, राहिले 5.75. पडल्याची वजावट आणखी 1, उरले 4.75. साधी, न पडता मारलेली ट्रिपल टो लूप 4.20 ची. म्हणजे चारही फेरे पूर्ण करून आपटलेला गडी साध्या ट्रिपलच्या पुढेच राहतो. हे गणित पटो न पटो, चोरी नाही. नियम बदलायला हवेत असं तुम्ही खुशाल म्हणा, कधीकधी मीही म्हणते. पण आधी नियम सांगा तरी.

चोरी कधी झालीच नाही असं नाही. 2002 मध्ये सॉल्ट लेक सिटीला जोडीच्या स्पर्धेत फ्रेंच परीक्षकावरून एवढा गदारोळ झाला की दुसरं सुवर्णपदक द्यावं लागलं. 6 पैकी गुण द्यायची जुनी पद्धत त्यानंतरच मोडीत निघाली आणि 2004 पासून हल्लीची आली. जुनी पद्धत शेजारच्या काकूंनाही कळायची. 5.9 म्हणजे छान, 6 म्हणजे सोनं. नवी पद्धत न्याय्य असेल, पण किचकट आहे, म्हणून तर समजावून सांगणारा हवा. पडद्याच्या कोपऱ्यात ते छोटे चौकोन येतात, हिरवे, पिवळे, लाल. उडी झाली की एकेक चौकोन रंगतो आणि कुठल्या उडीवर शंका आहे ते दिसतं. तुमच्या अख्ख्या हंगामात त्या चौकोनांचा उच्चार मी ऐकला नाही. आमच्या सात वर्षांच्या पोराने लावलेला अर्थ असा की लाल म्हणजे बॅटरी संपत आली.

आणि गुण जाहीर होणार, स्केटर कोचचा हात घट्ट धरून बसलेला, की तुमची वेलचीची जाहिरात. परत येता तेव्हा पुढचा स्केटर बर्फावर. निकाल दुसऱ्या दिवशी मोबाइलवर शोधायचा.

नावांचे उच्चार, सुरुवातीचे गट न दाखवणं, यावर फार लिहीत नाही. एवढंच म्हणते की भारताची तारा प्रसाद फोर कॉन्टिनेंट्ससारख्या स्पर्धेत उतरते, आणि तिची वेळ निघून गेल्यावर तुमचं प्रक्षेपण सुरू होतं. क्रिकेटमध्ये असं झालं असतं तर?

आता ज्यासाठी खरं तर मी लिहायला बसले ते.

तुम्ही मुलींच्या शरीरावर बोलता. ‘फूल जैसी हल्की.’ ‘पिछले साल से थोड़ी भारी लग रही हैं.’ ‘गोरी-गोरी गुड़िया.’ तुम्हाला वाटतं हे कौतुक आहे, किंवा निरुपद्रवी शेरा. माझ्याकडे तेरा वर्षांची एक मुलगी आहे. चांगली उंच होतेय, डबल लूप नुकतीच बसली होती. ‘थोड़ी भारी’ हे वाक्य तिने सतरंजीवर बसून ऐकलं. काही दिवसांनी तिच्या आईचा फोन आला, ‘बाई, पोरगी भाकरीला हात लावेना झालीय. म्हणते, वजन वाढलं की फेरे होत नाहीत, टीव्हीवर सांगितलं.’ त्या आईला आणि मुलीला समोर बसवून मी काय काय सांगितलं ते इथं लिहीत नाही. डॉक्टरांकडे जावं लागलं. आता बरी आहे, जेवते.

या खेळात ही गोष्ट नवी नाही. युलिया लिपनित्स्काया 2014 च्या सोची ऑलिंपिकमध्ये 15 व्या वर्षी रशियाच्या संघासोबत सुवर्ण जिंकली, आणि 2017 मध्ये ॲनोरेक्सियाचं कारण देऊन तिने खेळच सोडला. पोरीबाळींचे फार हाल होतात म्हणूनच आंतरराष्ट्रीय महासंघाने 2022 मध्ये वरिष्ठ गटासाठी वयाची अट 15 वरून टप्प्याटप्प्याने 17 वर नेली. जे खेळ चालवणाऱ्यांना कळलं ते खेळ सांगणाऱ्यांना कळू नये?

अंग वाढतं तेव्हा उडीचं तंत्र पुन्हा बसवावं लागतं, हे खरं. उंची वाढली, खांदे-कंबर रुंदावले की हवेत स्वतःला आवळून घ्यायची वेळ बदलते. हे समजावून सांगा ना. त्यातून माझ्या मुली काही शिकतील. वजनकाटा घेऊन बसण्याची गरज नाही. वयाचंही तेच. पंचविशीच्या बाईला तुम्ही ‘इस उम्र में भी’ म्हणता. 2024 मध्ये माँट्रियलला डियाना स्टेलाटो-डुडेक 40 व्या वर्षी जोडीची विश्वविजेती झाली. ॲलिसा लिउने 16 व्या वर्षी खेळ सोडला, नंतर आपल्या मर्जीने परत आली आणि मार्च 2025 मध्ये बॉस्टनला जगज्जेती ठरली. अशा बायका समोर असताना ‘इस उम्र में भी’ कसलं?

मुलग्यांचंही थोडक्यात सांगते. पुरुष स्केटरच्या चमकीच्या शर्टावर, हातांच्या नजाकतीवर तुम्ही खिदळता. इथं एखाद्या मुलाला आर्टिस्टिकला ठेवायला बापाला तयार करणं म्हणजे काय, हे मी जाणते. तुमचं हसणं ऐकून एका मुलाच्या बापाने दुसऱ्या दिवशी त्याला स्पीड स्केटिंगला घातलं. मुलगा स्पीडलाही चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याचे हात सुरेख चालायचे.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. तुम्ही सर्वांत जास्त ओरडता ते कोलांटीला, बॅकफ्लिपला. कोलांटी मी स्वतःही टाळी वाजवून पाहते. पण 1970 च्या दशकात बंदी घातलेली ही उडी 2024-25 च्या हंगामापासून चालू झाली असली, तरी उडी म्हणून तिला मूळ किंमत नाही. 1998 मध्ये नागानो ऑलिंपिकला फ्रान्सच्या सुर्या बोनालीने बंदी असताना ती मारली आणि एका पायावर उतरली. ते का केलं, त्यामागे कोणता राग होता, हे सांगितलंत तर ओरडण्याला अर्थ येईल. नाहीतर होतं असं की कोलांटीला गलका, आणि दोन्ही पाय विरुद्ध दिशांना ताणून लांब घसरत येऊन त्यातूनच ॲक्सल मारली, तर तुमच्यात सुशीची चर्चा.

मी तुमच्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा करत नाही, हेही स्पष्ट करते. अमेरिकेचे डिक बटन 1948 आणि 1952 चे ऑलिंपिक विजेते. डबल ॲक्सल आणि ट्रिपल उडी स्पर्धेत सर्वांत आधी त्यांनी मारली आणि पुढे कित्येक दशकं ते टीव्हीवर समालोचन करत. त्यांची जीभ तिखट होती, वाईट गिरकीला ते वाईट म्हणायचे. पण का वाईट तेही सांगायचे, म्हणून लोक ऐकत. अलीकडचं उदाहरण हवं तर टेड बार्टन. ज्युनियर ग्रां प्रीच्या यूट्यूब प्रक्षेपणात हा माणूस वर्षानुवर्षं बोललाय. कार्यक्रम चालू असताना मोजकं, मग संथ गतीच्या रिप्लेवर घोटा, खांदा, एज. पडलेल्या पोराबद्दल कुत्सित शब्द नाही. इंग्रजी अर्धवट कळूनही माझी मुलं त्याच्याकडून शिकतात, कारण तो बोट कुठं ठेवतो ते दिसतं.

आणि गप्प राहूनही बरंच सांगता येतं. बेजिंगला उत्तेजक चाचणीच्या वादात रशियाची कमिला वालिएवा लहान कार्यक्रमासाठी उतरली, तेव्हा अमेरिकन प्रक्षेपणातले समालोचक तारा लिपिन्स्की आणि जॉनी वीअर जवळजवळ काहीच बोलले नाहीत. एरवी दोघं भरपूर बोलणारे. त्या दिवशी त्यांच्या न बोलण्याचा अर्थ घरोघरी पोचला.

तर मागण्या अशा आहेत.

कार्यक्रम चालू असताना फक्त उडी-गिरकीचं नाव घ्या. बाकी जे सांगायचं ते रिप्लेत सांगा, तेव्हा पोटभर बोला.

समालोचन कक्षात किमान एक माणूस असा बसवा ज्याने स्वतः स्केटिंग केलंय. बर्फावरचा नसेल तर चाकांवरचा चालेल. 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत अनुप कुमार यामाने आर्टिस्टिक रोलर स्केटिंगमध्ये दोन ब्राँझपदकं मिळवली, त्यातलं एक अवनी पांचाळसोबत जोडीत. अशी माणसं या देशात आहेत. विनोदी कलाकारांना शोधायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात सापडतील.

तुमच्या ॲपवर समालोचन नसलेला, फक्त मैदानाचा आणि संगीताचा आवाज असलेला पर्याय द्या. आयपीएलला भाषा बदलायचं बटण असतं, भोजपुरीत ऐकता येतं, मराठीत ऐकता येतं. इथं तर कोणाला नव्याने बोलवायचंही नाही, उलट एक आवाज कमी करायचाय. हे एवढं एक झालं तरी माझी निम्मी तक्रार मिटेल.

गुण जाहीर होईपर्यंत जाहिरात लावू नका. प्रत्येक प्रक्षेपणाच्या सुरुवातीला दोन मिनिटं देऊन सहा उड्या आणि कोपऱ्यातले रंगीत चौकोन समजावून सांगा. ती चित्रफीत एकदा बनवलीत की हंगामभर पुरेल.

खेळाडूचं वजन, रंग, रूप, आणि मुलग्याने मुलग्यासारखं असावं की नसावं, यावर एक अक्षरही नको. याबाबत समालोचकांना लेखी सूचना द्या आणि ती जाहीर करा.

पूर्ण मराठी समालोचन मागत नाही. तुमचा हिशोब मला कळतो, आमच्या प्रेक्षकांवर किती जाहिराती खपणार! पण मोठ्या स्पर्धेच्या शेवटच्या गटापुरतं, एखादा प्रयोग म्हणून करून बघा. क्रिकेट मराठीत सांगता येईल का, अशी शंका रेडिओच्या काळातही काहींना होतीच. बाळ ज. पंडितांनी सांगून दाखवलं. लुट्झ आणि ॲक्सल ही नावं आमची मुलं रोज उच्चारतात, त्यांचं मराठी करायची गरज नाही.

ग्रां प्रीची मालिका ऑक्टोबरमध्ये सुरू होते. त्याआधी यातलं काय करणार आणि काय नाही, हे छापील ओळ न पाठवता मुद्द्यागणिक कळवा. जे करणार नाही त्याचं कारण लिहा. आलेलं उत्तर मी कोर्टावर मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना वाचून दाखवणार आहे, तेव्हा त्यांना समजेल असं लिहा.

आपली,
एक रोलर स्केटिंग प्रशिक्षक
सोलापूर